कुंडीत रातोरात उगवलेली पिवळी छत्री, उपटली तरी पुन्हा हजर

ओलीमाती (धागाकर्ती)

मंडळी, मदत हवी आहे. तातडीची नाही, पण आठवडाभर डोक्यात तेच आहे.

खिडकीतल्या मनीप्लांटच्या कुंडीत एका सकाळी भूछत्र दिसलं. पिवळंधमक. आदल्या रात्री पाणी घातलं तेव्हा तिथे काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. टोपी तेव्हा मिटलेली, अंड्याच्या आकाराची होती, आणि वर बारीक पिठूळ खवले. हात लावला तर बोटाला पिवळी भुकटी लागली. दुपारपर्यंत ती उघडून बाटलीच्या झाकणाएवढी सपाट झाली, कडेला कंगव्यासारख्या रेघा. संध्याकाळी मान टाकली. दुसऱ्या दिवशी उरलं ते ओल्या टिश्यू पेपरसारखं काहीतरी.

मी ती मुळासकट उपटली. चौथ्या दिवशी तीन आल्या, एकमेकींना चिकटून. त्याही उपटल्या. काल परत दोन!

हे नक्की आहे काय, झाडाला धोका आहे का, आणि एका रात्रीत एवढी वाढ होते तरी कशी? नेटवर शोधलं तर निम्मे लोक म्हणतात कुंडी फेकून द्या आणि निम्मे म्हणतात शुभशकुन आहे.

सुरवंट

सेम पिंच. मी वरची दोन इंच माती काढून नवी भरली, वर बुरशीनाशक ओतलं. छत्री तीन आठवड्यांनी परत आली. झाड मात्र आलं नाही.

तिरकस

कुत्र्याची छत्री म्हणतात ती हीच का? आमच्याकडे कुत्रा नाही, तरी उगवेल का?

भिंगवाला

ओलीमाती ताई, फोटोशिवाय नाव सांगणं म्हणजे फोनवरून नाडी बघणं. पण कुंडी, पिवळा रंग, पिठूळ खवले, कडेच्या रेघा आणि दीड दिवसाचं आयुष्य हे सगळं एकत्र आलं की एकच नाव समोर येतं: ल्युकोकोप्रिनस बिर्नबॉमी. मूळची उष्ण प्रदेशातली. थंड देशांत ती काचघरांतून आणि कुंड्यांमधून हिंडते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये तिचं वर्णन झालं ते काचघरातल्याच नमुन्यावरून.

झाडाला धोका नाही. ती जिवंत मुळांच्या वाटेला जात नाही. मातीतला पालापाचोळा, लाकडाचा भुगा, कोकोपीट असलं मेलेलं सामान कुजवून त्यावर जगते. सुरवंट, तुमचं झाड बहुधा औषधाने गेलं, छत्रीने नव्हे.

आता "मुळासकट उपटली" याबद्दल. ती मुळासकट नव्हतीच. तुम्ही फळ तोडलंत, झाड अजून मातीतच आहे. खरी बुरशी म्हणजे मातीभर पसरलेलं तंतूंचं जाळं, कवकजाल. एकेक तंतू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. बाहेर पाचकरस सोडायचे, अन्न बाहेरच पचवायचं आणि मग शोषून घ्यायचं, असा त्याचा सगळा कारभार. कुंडीची माती जरा उकरून बघा, मोहरीएवढे पिवळे गोळे दिसण्याची शक्यता आहे. तेही तिचेच, वाईट दिवसांसाठी बांधून ठेवलेलं गाठोडं.

आणि रातोरात वाढीचं म्हणाल तर ती रातोरात वाढत नाही, रातोरात फुगते. तंतू आधी एका जागी गोळा होतात आणि त्यांची टाचणीच्या डोक्याएवढी गुंडी तयार होते. टोपी, दांडा, टोपीखालच्या पट्ट्या, सगळं त्या गुंडीत लहान मापात घडवून तयार असतं. ते कित्येक दिवस चालतं आणि आपल्याला दिसत नाही. मग भरपूर पाणी मिळालं की त्याच पेशी पाणी पिऊन ताणल्या जातात. नव्या पेशी फारशा बनवाव्या लागत नाहीत. म्हणजे छत्री आधीच शिवून घडी घालून ठेवलेली होती, तुम्ही रात्री पाणी घालून फक्त उघडलीत.

ओलीमाती

अहो, उकरलं! आहेत पिवळे गोळे. मी त्यांना कसल्यातरी किड्याची अंडी समजून गेल्या महिन्यात चमच्याने वेचून टाकले होते.

अनुस्वार

भिंगवाला, प्रतिसाद उत्तम, पण "फळ" खटकलं. फळात बी असते, बीमध्ये गर्भ असतो, त्याच्या सोबतीला शिदोरी असते. इथे तर एका पेशीचा बीजाणू, ज्यातून नवी बुरशी रुजते तो कण. जुन्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत त्यालाही "बीजुक" म्हणत, बी आणि बीजुक यांची गल्लत होऊ नये म्हणून. शिवाय बुरशी ही वनस्पतीच नाही. तिच्या पेशींची भिंत कायटिनची, म्हणजे झुरळाच्या कवचातला पदार्थ. मग फळ कसलं?

भिंगवाला

कान पकडले. फलकाय म्हणू या, तोही शब्द आहे. पण एक सांगतो, फळ म्हटल्याने निदान "तोडल्याने झाड मरत नाही" एवढं तरी डोक्यात बसतं. कुत्र्याची छत्री म्हटल्याने काहीच बसत नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. फळ म्हटलं की आपल्याला आतला गर दिसतो आणि गर हेच मुख्य वाटतं. भूछत्रात मुख्य गोष्ट आहे खालची बाजू. टोपी, दांडा, रंग, हा सगळा डोलारा एका कामासाठी: बीजाणू जमिनीपासून दोन बोटं वर न्यायचे आणि मोकळ्या हवेत सोडायचे. जमिनीलगतचा हवेचा थर साकळलेला असतो, तिथे सोडलेला बीजाणू तिथेच बसतो. दांडा कशाला हवा, तर त्या थराच्या वर डोकं काढायला.

ताई, पुढची उगवेल तेव्हा उपटू नका. पूर्ण उघडली की दांडा कापा, टोपी कागदावर पट्ट्यांची बाजू खाली करून ठेवा, वर वाडगं पालथं घाला आणि रात्रभर विसरा. पंखा बंद. सकाळी कागदावर काय ते बघा. याला बीजाणूंचा ठसा म्हणतात.

तिरकस

गुन्हेगाराच्या बोटांचे ठसे घेतात तसं. फक्त इथे गुन्हेगार दुसऱ्या दिवशी सकाळी वितळलेला असतो.

चांदणचुरा

वाचतेय. पुढच्या ठशाच्या प्रतीक्षेत.

ओलीमाती

पाच दिवसांनी रिपोर्ट देते. छत्री आली, टोपी कापली, कागदावर ठेवली, वाडगं घातलं. सकाळी वाडगं उचललं, टोपी उचलली. कागद कोरा. एक पुसट ओलसर वर्तुळ, बस. नाही जमलं.

रानवाट

कागद कोणत्या रंगाचा होता?

ओलीमाती

पांढरा. साधा प्रिंटरचा.

रानवाट

मग जमलंय, दिसत नाहीये. तुमच्या छत्रीचे बीजाणू पांढरेच असतात. फेकला नसेल तर कागद खिडकीशी तिरपा धरा आणि एक डोळा मिटून कागदाच्या पातळीत बघा. पुढच्या वेळी अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद घ्या, किंवा सरळ काच. काच मग कशावरही ठेवता येते.

ओलीमाती

रानवाट!!! आहे!!

कचऱ्याच्या डब्यातून कागद काढला. तिरपा धरला तर बारीक पिठाच्या रेघा, मधून कडेकडे जाणाऱ्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. मग काळ्या कागदावर दुसरी टोपी ठेवली. हा ठसा बघून मी खरंच खाली बसले. पट्टीमागून पट्टी मोजता येते. मोठ्या दोन पट्ट्यांच्या मध्ये अर्ध्यापर्यंतच आलेली छोटी पट्टी, तीसुद्धा उमटलीय. बोट लावलं तर रेघ पुसली गेली आणि बोटावर काही म्हणजे काही जाणवलं नाही, पिठाचा खरखरीतपणासुद्धा नाही.

एक शंका. ठसा गोल नाही. एका बाजूला धुराचा लोट गेल्यासारखा पसरलाय, टोपीच्या हद्दीबाहेर. वाडगं होतं, पंखा बंद होता. मग वारा कुठून आला?

भिंगवाला

वारा तिनेच केला.

थट्टा नाही. भूछत्रात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि ते टोपीवरून सतत वाफ होऊन जात असतं. त्याने टोपीभोवतीची हवा गार होते, गार हवा जड होऊन खाली सरकते आणि कडेने पसरते. एमिली ड्रेसेअर, मार्कस रोपर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली हे मोजून दाखवलं. बाहेर वाऱ्याची झुळूक नसली तरी एवढ्याशा प्रवाहावर बीजाणू टोपीखालून बाहेर पडू शकतात. टोपी जराशी कलती असेल किंवा एका बाजूला जागा कमी असेल तर प्रवाह एकाच अंगाला जातो. तुमच्या कागदावर तोच लोट आहे.

आता या विषयातला माझा सर्वांत आवडता भाग. बीजाणू पट्टीवरून गळून पडत नाही, तो उडवला जातो.

पट्टी भिंगाखाली घेतली तर तिच्या दोन्ही अंगांवर गदेच्या आकाराच्या पेशी दाटीवाटीने उभ्या दिसतात. म्हणून या गटाला मराठीत गदाकवक म्हणतात, आणि हे नाव मला मूळ लॅटिनपेक्षा जास्त भावतं. प्रत्येक गदेच्या डोक्यावर सहसा चार बारीक शिंगं, आणि प्रत्येक शिंगाच्या टोकावर एकेक बीजाणू. बीजाणू पक्व झाला की त्याच्या बुडाशी हवेतली वाफ साकळून पाण्याचा एक थेंब वाढू लागतो. बीजाणूच्या अंगावरही पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. थेंब फुगत फुगत त्या पापुद्र्याला टेकतो, आणि टेकला की क्षणात त्यात ओढला जातो. पाणी एका झटक्यात एका टोकाकडून दुसरीकडे सरकतं आणि त्या हिसक्याने बीजाणू शिंगावरून सुटतो. सुटताना गुरुत्वाच्या हजारो पट त्वरण. पण एवढ्याशा जिवाला हवा पाकासारखी दाट लागते, म्हणून मिलिमीटरचा दहावा भाग जातो न जातो तोच वेग संपतो आणि तो सरळ खाली पडू लागतो.

म्हणजे काय झालं बघा. दोन पट्ट्यांमधल्या फटीत त्याला समोरच्या पट्टीवर आपटूनही चालणार नाही आणि आपल्याच पट्टीला चिकटूनही. नेमका मधोमध थांबायला हवा. उडी आणि फट एकमेकांच्या मापाने शिवलेल्या आहेत.

थेंबाला बुलरचा थेंब म्हणतात. आर्थर हेन्री रेजिनाल्ड बुलर, कॅनडात विनिपेगला प्राध्यापक होते. १९०९ पासून त्यांचं भूछत्रांवरचं संशोधन खंडाखंडाने छापून आलं. अंधाऱ्या खोलीत टोपीखालून प्रकाशाचा झोत सोडून ते पडणारे बीजाणू बघत. खाली येण्याचा वेग सेकंदाला एखाद-दोन मिलिमीटर, म्हणजे ताई, तुमच्या दांड्याची उंची उतरायला जवळपास अर्धं मिनिट. तेवढ्या वेळात जी काही झुळूक येईल ती त्याची.

अनुस्वार

हे फार सुंदर आहे. मग टोपी वाकडी झाली तर? पट्ट्या तिरप्या झाल्या की बीजाणू खालच्या पट्टीवर पडणार ना?

भिंगवाला

पडणारच. म्हणून तर दांडा वळतो. वाढतं भूछत्र आडवं करून ठेवलं तर काही तासांत दांडा वाकून टोपी पुन्हा सपाट करतो, आणि वरची बारीक जुळणी पट्ट्या स्वतः करतात. १९९३ साली अंतराळयानातून एका भूछत्राची रोपणं वर पाठवली होती. गुरुत्व नसल्यामुळे ती वाट्टेल त्या दिशेला उगवली.

झाडाच्या खोडावर फळीसारखी उगवणारी टणक कवकं बघा. त्यांना पट्ट्यांऐवजी उभ्या नळ्या असतात. ती लाकडासारखी झाल्यामुळे वळू शकत नाहीत. झाड आडवं पडलं की जुनी फळी तशीच राहते आणि नवा थर नव्या "खाली"कडे तोंड करून वाढतो. पडलेल्या ओंडक्यावर फळी कोणत्या दिशेला आहे ते बघून कळतं की ती झाड उभं असताना आली की पडल्यावर. जंगलात कुणासोबत फिरताना हे सांगितलं की भाव वधारतो, स्वानुभव आहे.

अशाच एका फळीचा, गॅनोडर्मा ॲप्लॅनेटमचा, हिशेब बुलरनी मांडला होता: दिवसाला तीन हजार कोटी बीजाणू, आणि हे सहा महिने.

तिरकस

तीन हजार कोटी रोज! मग आत्तापर्यंत आपण सगळे भूछत्राखाली गाडले कसे गेलो नाही?

भिंगवाला

कारण बहुतेक बीजाणू टोपीपासून मीटरभराच्या आतच पडून वाया जातात. जो लांब जातो त्याला योग्य जागा, ओल, अन्न मिळायला हवं. रुजून तंतू फुटला तरी तो एकटा. बहुतेक जातींत एकट्याला फलकाय बनवता येत नाही, जुळणारा दुसरा तंतू भेटावा लागतो. नर-मादी असे दोनच प्रकार नाहीत बरं का. शिझोफायलम कम्यून नावाच्या छोट्या पंख्यासारख्या कवकात तेवीस हजारांहून जास्त प्रकार आहेत.

आणि भेटले तरी घाई नाही. दोघांच्या पेशी एक होतात, पण केंद्रकं वेगवेगळीच राहतात. एकाच घरात दोन चुली. असं वर्षानुवर्षं चालतं. ती केंद्रकं शेवटी एक होतात ती त्या गदेत, बीजाणू बनण्याच्या अगदी आधी.

पण एकदा जाळं बसलं की बसलं. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या मलूर जंगलात आर्मिलारिया या कवकाचं एकच जाळं साधारण ९६५ हेक्टरवर पसरलंय. वय दोन हजार वर्षांच्या आसपास किंवा त्याहून जास्त धरतात. तिथे पावसाळी दिवसांत जमिनीवर येणारी मधाच्या रंगाची भूछत्रं नेहमीच्या मापाचीच असतात. ती बघून खाली काय आहे याचा पत्ता लागणार नाही.

चांदणचुरा

छत्रीचाच आकार का पण? मी जंगलात चेंडूसारखी गोल बघितली आहेत, पाय लागला की धूर सोडणारी. त्यांना टोपी नाही, पट्ट्या नाहीत.

रानवाट

हा प्रश्न माझा! इतका वेळ भिंगवाल्यांना बोलू दिलं, आता मी.

तुम्ही बघितलात तो पफबॉल. त्याने उडी मारणं सोडून दिलंय. बीजाणू आत पिशवीत पिकतात, पिशवी वाळून कागदासारखी होते, वर एक भोक पडतं. मग पावसाचा थेंब पडो की कुणाचा पाय, फुस्स. म्हणजे बीजाणू उडवायचं काम त्याने पावसावर टाकून दिलं. महाकाय पफबॉलमध्ये सात लाख कोटी बीजाणू असतात असा बुलरचाच अंदाज आहे. अर्थस्टार तर बाहेरचं साल ताऱ्यासारखं उलगडतो आणि मधली पिशवी त्यावर उचलून धरतो.

पण पफबॉल तोंडाजवळ नेऊन फोडू नका. १९९४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये आठ किशोरवयीन मुलं पफबॉलचे बीजाणू हुंगून न्यूमोनियासारखी आजारी पडली होती.

माझा जीव की प्राण म्हणजे पक्ष्याचं घरटं. नावच ते आहे, बर्ड्‌स नेस्ट. कुजक्या काटक्यांवर, लाकडाच्या भुग्यावर येतं. शर्टाच्या बटणाएवढी वाटी, बाहेरून केसाळ, आणि आत चपटी राखाडी "अंडी". अंडी म्हणजे बीजाणूंच्या बंद डब्या. मी एकदा काटकीसकट एक घरी आणलं, पांढरा कागद अंथरला आणि खुर्चीवर उभी राहून ड्रॉपरने वाटीत थेंब सोडू लागले. पहिले दोन चुकले. तिसरा बरोब्बर बसला आणि काही झालंच नाही, असं वाटलं. मग वाटीत मोजली तर पाचाची चार अंडी. पाचवं कागदावर नव्हतंच. ते खुर्चीच्या पायाला, जमिनीपासून वीतभर वर, चिकटलेलं सापडलं. आणि चिकटलेलं कसलं, लटकलेलं! त्याच्या बुडाशी घडी घातलेला एक दोरा असतो, टोकाला चिकट. डबी उडताना दोरा उलगडतो, गवताच्या पात्याला लागला की गुंडाळला जातो. वाटीच्या भिंतीचा कोन असा आहे की थेंबाचं पाणी वर उसळताना डबी सोबत घेऊन जातं. मीटरभर सहज जातात.

मग शाईवाली छत्री, कोप्रिनस. हिच्या पट्ट्या इतक्या दाट की मधून बीजाणू पडायला वाट नाही. उपाय? कडेचे बीजाणू आधी पिकतात, उडतात, आणि मग ती कड स्वतःलाच पचवून वितळवून टाकते. आतल्या थराला वाट मोकळी. टोपी खालून वर अशी काळ्या शाईने ठिबकत संपते. त्या शाईने पूर्वी लोक लिहीतही.

स्टिंकहॉर्नला वारा नको, पाऊस नको, त्याला माशा हव्यात. अंड्यातून काही तासांत दांडा बाहेर काढतो, टोकाला बीजाणू कालवलेला हिरवट काळा चिकट राप आणि सडक्या मांसाचा वास. माशा येतात, खातात, पायाला लावून नेतात. एका जातीला तर वरून पांढऱ्या जाळीचा झगा असतो. बघायला अप्सरा, पण वाऱ्याच्या उलट दिशेला उभं राहून बघा.

आणि ट्रफल जमिनीतून वरच आलं नाही. वर यायचंच नसेल तर हवेत सोडणार काय? मग वासावर प्राणी बोलवायचे, त्यांनी उकरून खायचं आणि पुढे कुठेतरी विष्ठेतून पेरायचं.

भिंगवाला

रानवाट, मुजरा. एकच पुरवणी: ट्रफल गदाकवक नाही, धानीकवक आहे. त्यांच्यात बीजाणू बाहेर शिंगावर नसतात, आत पिशवीत असतात, सहसा आठ. त्यांचेच भाऊबंद म्हणजे कप कवकं, पेझायझा वगैरे. उन्हात वाळू लागलेल्या कपावर फुंकर घाला, क्षणभर थांबा. हजारो पिशव्या एकदम फुटतात आणि धुराचा ढग उठतो. एकेकटा बीजाणू लगेच थांबला असता, पण एकदम सुटले की ते आपल्यासोबत हवाच ओढत नेतात. शांत जागी कान जवळ नेला तर फुसफुसही ऐकू येते.

अनुस्वार

अवांतर: बीजाणूंपासूनच बुरशी उगवते हे पेरून दाखवणारा पहिला माणूस इटलीचा पिएर आंतोनिओ मिकेली. १७२९ साली त्याने पुस्तकात लिहिलं. खरबुजाच्या फोडींवर पेरले होते. लोक तोवर समजत की ओलीतून, कुजण्यातून आपोआप उगवतं. आणि बिअॅट्रिक्स पॉटर, सशांच्या गोष्टींवाली, हिनेही बीजाणू रुजवून त्यांची चित्रं काढली होती. १८९७ साली लंडनच्या लिनियन सोसायटीत तिचा निबंध मांडला गेला, पण बायकांना सभेत प्रवेश नव्हता, त्यामुळे मांडला दुसऱ्याने.

नवखा_गडी

मस्त धागा. एक प्रश्न, ठशाच्या रंगावरून खाण्याचं भूछत्र ओळखता येतं ना? पांढरा ठसा म्हणजे सेफ?

थर्मामीटर

नाही. नाही. नाही.

आजवर नुसता वाचत होतो, हा प्रश्न बघून लॉगिन केलं. जगातल्या भूछत्रांच्या विषबाधेच्या मृत्यूंत सगळ्यात मोठा वाटा ज्याचा, त्या अमानिटा फॅलॉइडिसचा ठसा पांढराच असतो. ठसा फक्त एवढंच सांगतो की हे कोणत्या घराण्यातलं असू शकतं आणि कोणत्या घराण्यातलं नक्की नाही. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिसचा ठसा हिरवट येतो आणि ते पोटाचे हाल करतं, तेव्हा हिरवा दिसला तर लांब राहा, हे ठीक. उलटं गणित चालत नाही.

अमानिटाचं विष शिजवून जात नाही. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीही होत नाही. मग उलट्या-जुलाब. मग एक दिवस बरं वाटतं, आणि घरचे म्हणतात उतरलं. त्याच दिवशी यकृत निकामी होत असतं. ते विष पेशीतलं आरएनए बनवणारं यंत्रच बंद पाडतं. एक टोपी पुरते.

चांदीचा चमचा काळा पडला नाही, गोगलगायीने खाल्लंय, साल सहज सुटतं, असल्या सगळ्या परीक्षा भाकड आहेत. गोगलगायीचं यकृत तुमचं नाही. कुणी खाल्लंच असेल तर लक्षणांची वाट न बघता दवाखान्यात जा आणि उरलेला तुकडा किंवा निवडून टाकलेला कचरा सोबत न्या. आणि धागाकर्तीच्या कुंडीतली पिवळीसुद्धा खायची नाही, लहान मुलं आणि मांजरं असतील तर कुंडी वर ठेवा.

नवखा_गडी

समजलं डॉक्टर. बघून समाधान मानतो.

सुरवंट

माझ्या नव्या झाडाच्या कुंडीत परत आलीय. या वेळी औषध नाही. भिंग मागवलंय.

ओलीमाती

काल रात्री बुलरसाहेबांचा प्रयोग केला. खोलीत पूर्ण अंधार, फ्रिजच्या दिव्यावर चिकटपट्टी. कुंडीत एक पूर्ण उघडलेली टोपी होती, तिच्या मागून आडवा टॉर्च लावला आणि समोरून बघत बसले. पहिली काही मिनिटं फक्त धूळ, आपल्या घरात एवढी धूळ असते हे कळलं ते वेगळंच. मग डोळे सरावले. टोपीच्या डाव्या कडेखालून एक अगदी पातळ धूर खाली येत होता, न थांबता, उदबत्ती उलटी धरल्यासारखा. दांड्याच्या अर्ध्यापर्यंत सरळ, मग मनीप्लांटच्या पानाकडे वळत होता. मी श्वास सोडला की तुटायचा, पुन्हा जुळायचा. पाऊण तास बसले असेन. आई दार उघडून विचारून गेली, लाइट गेलेत का.

मातीत कडेला दोन नव्या गुंड्या दिसतायत, टाचणीच्या डोक्याएवढ्या. आत्ता पाणी घातलंय. सकाळी कळवते.

ओलीमाती

पाच.

तिरकस

आणि कुत्रा?